बाल्कनीमास्तरांचे जुळे सेल

मार्च महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, एका तीन मजली इमारतीच्या मधल्या मजल्यावर, जिन्यापासून डावीकडच्या दुसऱ्या घरात, बाल्कनीमास्तरांनी आपली जुनी विजेरी कपाटातून काढली, तिचे मागचे झाकण फिरवले आणि ते फिरले नाही. वेळ इतक्या काटेकोरपणे नमूद करण्याचे कारण असे, की पुढे अग्निशमन कार्यालयात मास्तरांना जो जबाब लिहून द्यावा लागला, त्यात 'घटनेचा आरंभ' असा एक रकाना होता आणि मास्तरांनी बराच विचार करून त्यात हीच वेळ लिहिली. कार्यालयाच्या मते घटनेचा आरंभ त्यानंतर सोळा दिवसांनी, त्यांच्याच टेबलावर झाला होता. या मुद्द्यावर उभय पक्षांचा मतभेद अद्याप कायम आहे.

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. चौकातल्या चित्रपटगृहात त्यांनी चौतीस वर्षे डोअरकीपरी केली आणि त्यांतली एकोणतीस बाल्कनीच्या दारावर काढली, म्हणून ते बाल्कनीमास्तर. खालच्या दारावरचा डोअरकीपर आणि बाल्कनीच्या दारावरचा डोअरकीपर यांना एकाच मापाने मोजणारा मनुष्य, त्यांच्या मते, होडी आणि पूल यांतही फरक करू शकला नसता. खाली सपाट जमीन; तिथे माणूस चाचपडतही खुर्ची गाठतो. बाल्कनीत मात्र बावीस पायऱ्या, त्याही उतरत्या, आणि प्रत्येकीची उंची निराळी. तेरावी तर गवंड्याने मुकादमाशी भांडून आल्यावर बांधली असावी. अशा पायऱ्यांवरून, बाहेरच्या उन्हातून नुकत्याच आत आलेल्या माणसाला न पाडता, न बोलता आणि शेजाऱ्यांचे लक्ष पडद्यावरून न उडवता त्याच्या खुर्चीपर्यंत नेणे, हे एक शास्त्र होते. विजेरी सदैव प्रेक्षकाच्या पावलांवर धरायची. भिंगावर आपली तीन बोटे आडवी ठेवायची, म्हणजे फटींतून पाझरेल तेवढाच उजेड पायरीवर पडतो. या शिस्तीमुळे एकोणतीस वर्षांत मास्तरांनी माणसे पाहिली ती घोट्यापर्यंतच. बाजारात कोणी ओळख दाखवली, की ते आधी खाली पाहत आणि मग म्हणत, "हां, हां! तुम्ही होय!"

निवृत्तीला नऊ वर्षे झाली होती. आदल्याच दिवशी चित्रपटगृहाचे मॅनेजर आपण होऊन घरी आले होते. महिनाअखेरच्या रविवारी, दुपारी तीनचा खेळ संपला, की चित्रपटगृह कायमचे बंद व्हायचे होते.

"एक जुनं चित्र लावतोय," मॅनेजर म्हणाले. "जुने प्रेक्षक येतील. पण बाल्कनीच्या पायऱ्यांवरचे दिवे दोन वर्षांपूर्वीच गेले. एका खेळासाठी आता कोण बसवणार? अग्निशमनवाले म्हणतात, अनुभवी माणूस टॉर्च घेऊन उभा राहणार असेल तरच बाल्कनी उघडा. नाहीतर कुलूप."

"तुमच्याकडं हल्ली आहेत ना डोअरकीपर?" मास्तरांनी जेवढा दाखवता येईल तेवढा विनय दाखवला.

"आहेत की. मोबाइलचा दिवा लावतात. प्रेक्षकाच्या डोळ्यांत."

मास्तरांनी क्षणभर डोळे मिटून घेतले.

"म्हणून म्हटलं, तुम्ही आलात तर बाल्कनी. नाही आलात तर खालीच दाखवून मोकळा होतो. आणि मास्तर, टॉर्च तेवढा तुमचा आणा. आमच्याकडचे गेले भंगारात."

बाल्कनीला कुलूप लावून शेवटचा खेळ! हे म्हणजे माणसाचा निरोप समारंभ त्याला घरी बसवून उरकण्यासारखे. मास्तरांनी तत्काळ होकार दिला, रात्रभर त्यांना झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, वर सांगितल्याप्रमाणे, झाकण फिरले नाही.

पकडीने ते फिरवले तेव्हा आतून पांढरा भुगा आणि एक आंबूस वास बाहेर आला. निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या खेळाचे तीन सेल मास्तरांनी आठवण म्हणून आतच राहू दिले होते. नऊ वर्षांत ते फुगले, फुटले, झिरपले आणि नळीच्या पत्र्याशी एकजीव झाले. आठवण जपायची असेल, तर आधी तिच्यातले सेल काढून ठेवावेत, हे तत्त्व मास्तरांना नऊ वर्षे उशिरा कळले.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काय म्हटलं होतंस?"

"ते आता आठवत नाही. पण म्हटलं होतं."

ही बातमी त्याच संध्याकाळी पत्नीच्या धाकट्या भावाला लागली आणि दुसऱ्या दिवशी तो एक छोटी डबी घेऊन हजर झाला. हा मेव्हणा कुठलीही नवी वस्तू सर्वांत आधी घेत असे आणि तिचे माहितीपत्रक निम्मे वाचत असे. निम्मे का, तर उरलेले निम्मे आपल्याला ठाऊकच असते, अशी त्याची श्रद्धा होती. डबीतून अंगठ्याहून थोडी मोठी, काळी, गुळगुळीत विजेरी निघाली. बरोबर करंगळीएवढे दोन सेल आणि ते भरायचे एक यंत्र.

"भावजी, हा बघा. आकारावर जाऊ नका. समोरच्या टेकडीवरचा माणूस दिसतो."

"मला टेकडीवरचा माणूस कशाला बघायचाय? मला पायरी बघायचीय."

"पायरी तर दिसेलच! पायरीच्या आतलं सिमेंट दिसेल!"

प्रात्यक्षिकाला अंधार हवा होता. दिवसाढवळ्या इमारतीत अंधार मिळण्याचे ठिकाण एकच, जिन्याखालची मीटरची खोली. मेव्हण्याने तिचे दार ढकलले आणि बटण दाबले. दुर्दैवाने इमारतीचे सेक्रेटरी त्याच वेळी आत उकिडवे बसून, नाकावर चष्मा ओढून, मीटरचे आकडे टिपत होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "कोण गेलं?" पुढची सात मिनिटे त्यांना सगळे सभासद हिरवे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर परिपत्रक लागले: 'इमारतीच्या सामाईक जागेत सभासदांनी सूर्याशी स्पर्धा करू नये.' मास्तरांनी ते शेवटपर्यंत वाचले आणि 'सामाईक' हा शब्द तिथे अनावश्यक आहे, एवढेच मत नोंदवले.

मग सराव सुरू झाला. पडदे ओढून, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या बोळात मास्तर पाठमोरे चालत आणि पत्नी पिशवी घेऊन मागून येई.

"तिकीट?" मास्तर कुजबुजत.

"घरात कसलं तिकीट? भाजी आणलीय, ती ठेवू दे आधी."

"प्रेक्षक असं बोलत नाही."

"प्रेक्षकाला स्वयंपाक नसतो."

आठ दिवसांत सेल उतरले. येथे मास्तरांच्या अनुभवाने त्यांना दगा दिला, असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः अनुभव प्रामाणिक होता, सेल बदलले होते. चित्रपटगृहाच्या भरभराटीच्या काळातही व्यवस्थापन तीन सेलच्या विजेरीला महिन्याकाठी दोनच नवे सेल देई. तिसरा डोअरकीपराने आपल्या बुद्धीने उभा करायचा. तो कसा, तर गच्चीवर उन्हात ठेवून. त्याचे टोक चाकूने खरवडून. दोन नव्यांच्या संगतीत एक जुना बसवून. संगतीने माणूस सुधारतो, तसा सेलही सुधारतो, या सिद्धान्तावर बाल्कनी एकोणतीस वर्षे चालली होती. यंत्रात घालून सेल पुन्हा भरणे ही कल्पनाच मास्तरांना नापसंत होती. सेल एकदा संपला की संपला. त्याला परत भरणे म्हणजे उत्तरपत्रिका दिल्यावर पुन्हा उत्तर लिहू देण्यासारखे.

त्यांनी दोन्ही सेल खिडकीच्या कठड्यावर उन्हात ठेवले. मग सल्ले सुरू झाले.

"उन्हात नको, भावोजी, फ्रिजमध्ये ठेवा," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "माझा भाऊ ठेवायचा."

"त्याचे चालले का?"

"फ्रिज चालला."

सेक्रेटरींची दृष्टी आता परत आली होती. त्यांनी खालूनच हाक मारली, "मास्तर, तळहातावर घासा! गरम झाले की जागे होतात!"

मास्तरांनी घासले. टोकेही खरवडली. खरवडताना एका सेलचे रंगीत वेष्टण कडेने उसवले, आणि त्या उसवलेल्या सेलचा कंटाळा येऊन त्यांनी तो बाजूला टाकला. त्याच्या जागी मेव्हण्याच्या जुन्या, बिघडलेल्या विजेरीतला एक सेल बसवला. दुसरा सेल तेवढा, निषेध नोंदवत, यंत्रात घालून भरून घेतला. एक भरलेला, एक म्हातारा. विजेरी लागली. मास्तर पत्नीकडे असे पाहू लागले, जणू हा इतिहास कोणीतरी लिहून घ्यायला हवा.

झाकण अडल्यानंतर सोळा दिवसांनी, म्हणजे बुधवारी, ते अग्निशमन कार्यालयात परवान्यासाठी गेले. 'प्रकाशधारी अनुभवी इसम' म्हणून नाव नोंदवायचे होते.

"इसमाचा अर्ज खिडकी दोन," कारकून म्हणाला. "प्रकाशाचा खिडकी चार."

"पण इसम आणि प्रकाश एकत्रच येणार आहेत."

"इथं नाही येत एकत्र."

दोन्ही खिडक्यांच्या रांगा पार करून दीड तासाने मास्तर साहेबांच्या टेबलापुढे बसले. साहेब सभ्य होते. "उपकरण बघू," ते म्हणाले. मास्तरांनी विजेरी टेबलावर, छताकडे तोंड करून उभी केली, पूर्ण उजेडावर लावली आणि पायऱ्यांची उंची, बोटांची फट आणि तेराव्या पायरीचा स्वभाव या विषयांवर बोलू लागले. साहेब ऐकत राहिले. विजेरीही ऐकत असावी, कारण सातव्या मिनिटाला ती सुस्कारा टाकू लागली.

"हा आवाज कसला?" साहेबांनी विचारले.

"कोणता आवाज?" मास्तर म्हणाले, आणि झाकणाच्या कडेतून धुराची एक बारीक रेघ वर गेली.

आग विझवण्याच्या कचेरीत आग लागली असता नेमके कोणी काय करायचे, याची तालीम तेथे कोणी केलेली नसावी. साहेब "बाहेर! सगळे बाहेर!" असे ओरडले आणि एकटेच बाहेर गेले. कारकून वाळूच्या बादलीकडे धावला, पण बादलीतल्या वाळूत कोणीतरी शोभेचे रोप लावले होते आणि त्याला नुकतीच कळी आली होती.

"रोप काढू?" कारकून ओरडला.

"मुळासकट काढा! कळी मोडू नका!" साहेब दारातून म्हणाले.

तेवढ्यात मास्तरांनी टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन विजेरी टेबलाच्या कडेवरून, रोप उपटलेल्या बादलीत ढकलली. कारकुनाने वाळू सारली. फुसफुस झाली, एक घाणेरडा वास सुटला आणि सगळे शांत झाले. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. टेबलावर एक वर्तुळाकार डाग तेवढा राहिला. परंतु आग विझवणाऱ्या कचेरीत आग घेऊन आलेले पहिले नागरिक म्हणून मास्तरांचा जबाब लिहून घेतला गेला आणि निकाल सांगितला गेला: उपकरण अमान्य, म्हणून इसमही अमान्य. बाल्कनी बंद.

मास्तर घरी आले तेव्हा त्यांनी चपला नेहमीच्या जागी काढल्या नाहीत, यावरून पत्नीने काय ते ओळखले. तिने पाणी दिले. पेला खाली ठेवून मास्तर म्हणाले, "चौतीस वर्षं टॉर्च धरला मी. आणि मला टॉर्च धरता येत नाही, असं लेखी दिलं त्यांनी."

"उद्या त्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे जाऊ," पत्नी म्हणाली.

"तिला काय कळतं?"

"तुमच्याइतकं नसेल. पण तिच्या दुकानात धूर निघालेला मी पाहिला नाही."

चौकापलीकडे पंखे, रेडिओ आणि विजेऱ्या दुरुस्त करणाऱ्या बाईंचे दुकान होते. बाई तिशीतल्या, तुटक बोलणाऱ्या. बादलीतून निघालेली विजेरी त्यांनी चिमट्याने उघडली, आत पाहिले आणि विचारले, "काका, दोन सेल कुठून आणले?"

"एक बरोबर आलेला. एक मेव्हण्याकडचा."

"भरलेला कोणता?"

"बरोबर आलेला."

"हे दोघं एकामागून एक बसतात. एक भरलेला, एक रिकामा. भरलेला जोर लावत राहतो, रिकामा संपला तरी त्याच्यातून ओढलं जातं, मग तो उलटा भरायला लागतो. मग तापतो. मग हे."

"आमच्या काळी एक जुना, दोन नवे सर्रास चालत."

"तुमच्या काळचे सेल मरायचे, काका. हे मरत नाहीत, भडकतात."

मास्तरांना हे वाक्य आवडले आणि म्हणूनच फार लागले. त्यांनी वाद सुरू केला. ऊन, खरवडणे आणि संगत या तीन मुद्द्यांवर त्यांनी स्वतंत्रपणे बाजू मांडली. बाईंनी तिन्ही ऐकून घेतल्या आणि तिन्हींना "नाही" म्हटले. मग त्या काकूंकडे, म्हणजे मास्तरांच्या पत्नीकडे, वळल्या, कारण दोघांपैकी कान कोणाचे उघडे आहेत हे दुकानदाराला लगेच कळते. दोन सेल कायम जोडीने. एकाच दिवशी घेतलेले, एकाच वेळी भरलेले. एक बिघडला, तर दोन्ही काढायचे. वेष्टण फाटले, की सेल बाद. भरायचे त्यांच्याच यंत्रात, घरात कोणी जागे असताना, आणि उन्हात मुळीच नाही. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचा नाही. विजेरी खिशात ठेवायची तर मागचे झाकण अर्धा आटा सैल करून, म्हणजे चुकून लागत नाही. बाद सेल कचऱ्यात न टाकता दुकानात आणून द्यायचा.

"आणि पेटलेल्या भिंगावर हात ठेवायचा नाही," बाई म्हणाल्या. "ते चुलीसारखं तापतं."

या वेळी मास्तर व्यवस्थापनाच्या तिसऱ्या सेलचा प्रश्न नव्याने मांडत असल्यामुळे त्यांनी हे ऐकले नाही. पत्नीने मान डोलावली.

शेवटी बाईंनी आपल्या कामाची, तशीच छोटी विजेरी ड्रॉवरमधून काढली. "ही न्या. खेळ झाला की परत आणा." आत एकाच दिवशी घेतलेले दोन सेल होते. दोन्हींवर बारीक पेनाने एकच तारीख आणि एकच आकडा लिहिला होता; एकाच्या आकड्यापुढे 'अ', दुसऱ्याच्या 'ब'.

"जुळे आहेत," पत्नी म्हणाली.

"जुळे नसतील तर भांडतात, काकू."

शुक्रवारी मास्तर पत्नीला घेऊन पुन्हा खिडकी दोनपुढे उभे राहिले. साहेबांनी या वेळी विजेरी टेबलाऐवजी अंगणात, दगडावर ठेवायला सांगितली आणि स्वतः पंचवीस मिनिटे दारातून तिच्याकडे पाहत उभे राहिले. विजेरीने काहीही केले नाही. मास्तर शब्दही बोलले नाहीत. त्या दोघांपैकी अधिक कठीण परीक्षा कोणाची होती, हे सांगणे अवघड आहे. शेवटी साहेब म्हणाले, "बाल्कनी उघडा. पण एक अट. इसमाशेजारी दुसरी जबाबदार व्यक्ती हवी. वाळूची बादली घेऊन. शेवटपर्यंत."

"मी बसते," पत्नी म्हणाली.

"काकू, तुम्हाला अनुभव?"

"अठ्ठेचाळीस वर्षांचा," ती म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

रविवारी अडीच वाजता मास्तर बाल्कनीच्या दाराशी उभे राहिले. कॉलर इस्त्रीची, बूट पॉलिश केलेले, विजेरी खिशात, झाकण अर्धा आटा सैल. दाराच्या आत, पहिल्या पायरीशेजारी, पत्नी स्टुलावर बसली होती आणि तिच्या पायांशी वाळूची बादली होती. एवढ्या वर्षांत ती या दाराच्या आत कधी आली नव्हती. फुकट पास बायकोला द्यायचा नाही, हे मास्तरांचे तत्त्व होते. आणि तिकीट काढून नवऱ्याला उभा बघायला यायचे नाही, हे तिचे.

"इथंच उभे राहायचात?" तिने विचारले.

"इथंच. खुर्ची नव्हती."

"तीन तास?"

"दिवसाला चार खेळ."

तिने स्टूल थोडे सरकवून घेतले, जसे काही जागा करून देत होती.

तीनला घंटा झाली. दिवे मावळले. ऑपरेटरच्या खोलीतून यंत्राची ती जुनी घरघर आली, पडद्यावर पांढरा चौकोन थरथरला, आणि उशिरा येणाऱ्यांची पहिली जोडी दारात आली. मास्तरांनी झाकण आवळले, बटण दाबले, विजेरी पावलांवर धरली, आणि एकोणतीस वर्षांच्या शिस्तीने भिंगावर तीन बोटे आडवी ठेवली.

बोटांना जे झाले, ते चार शब्दांत सांगता येईल. मास्तरांनी मात्र ते एकाही शब्दात सांगितले नाही. डोअरकीपर खेळात आवाज काढत नाही. त्यांनी दात आवळले, हात झटकला आणि झटकताना अंगठा बटणावर दोनदा पडला. विजेरी पूर्ण उजेडावर गेली, आणि तिचे तोंड वर होते.

सारी बाल्कनी एका क्षणात उजळली. मास्तरांनी ती कधी अशी पाहिली नव्हती. झाडूवाले पाहत, मालक पाहत. डोअरकीपर दारातून आत येई तो अंधारातच; दिवे लागलेले असत तेव्हा तो दाराबाहेर तिकिटे आणि गर्दी सांभाळत असे. आता छताचे पोपडे दिसले, त्यांमधून लोंबणारी सुतळी दिसली. कोपऱ्यात तीन वेळा लावलेला आणि तिन्ही वेळा निराळा उतरलेला रंग. मखमलीच्या खुर्च्या, ज्यांना ते हाताने ओळखत आणि मनातल्या मनात तांबड्या समजत, त्या तपकिरी होत्या. काहींची ठिगळे हिरवी होती. आणि तेरावी पायरी कोपऱ्यात फुटलेली होती. मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना वाटले, आपण एकोणतीस वर्षे ज्या जागेची राखण केली ती ही नव्हेच.

"ए, लाइट!" मागच्या रांगेतून आवाज आला. "लाइट बंद!"

"मास्तर!" ऑपरेटरने भोकातून तोंड काढले. "पडदा पांढरा झाला माझा!"

मास्तर बटण दाबत होते. विजेरी आता लुकलुकायला लागली होती. लाग-विझ, लाग-विझ, जणू काही बाल्कनीतले सगळे प्रेक्षक एकामागून एक फोटो काढून घेत होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दारात उभ्या जोडप्यातला पुरुष बायकोला म्हणाला, "खालीच बसू या." हे वाक्य ऐकून मास्तरांनी बटण आणखी जोरात दाबले.

तेव्हा पत्नी स्टुलावरून उठली. तिने त्यांच्या हातातून विजेरी घेतली, झाकण अर्धा आटा सैल केले, अंधार केला, मग आवळले आणि बटण एकदाच, हलकेच, दाबून धरले. भिंगात काजव्याएवढा उजेड आला आणि तिथेच राहिला.

"बाईंनी सांगितलं होतं," ती कुजबुजली. "एवढाच. बोटं ठेवायची गरज नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलत होतात."

मास्तरांनी विजेरी परत घेतली. पायरीवर एक छोटा, पिवळसर ठिपका पडला. छत नाहीसे झाले. सुतळी, ठिगळे, रंग, सगळे जिथल्या तिथे काळोखात परत गेले आणि मखमल पुन्हा तांबडी झाली. मास्तर पाठमोरे पायऱ्या उतरू लागले. पाचवी ठेंगणी, आठवी रुंद, तेरावीवर क्षणभर थांबायचे. जोडपे त्यांच्यामागे चालत आले आणि बसले. कोणी वळूनही पाहिले नाही. मास्तर वर येऊन पुन्हा दाराशी उभे राहिले. बोटे पोळली होती, पण ती अंधारात कोणाला दिसत नव्हती.

पडद्यावरची नायिका हसली तेव्हा बाल्कनीतली पन्नास-साठ माणसे एकदम हसली, आणि मास्तरांना वाटले, हे हसू आपल्याला त्यांच्या पाठींवरूनही ओळखता येते. पत्नी पडद्याकडे पाहत नव्हती. ती दाराकडे पाहत होती.

सव्वातीनला एक वृद्ध बाई आल्या. मास्तरांनी ठिपका खाली नेला आणि पाहिले: तपकिरी, पट्ट्याचे बूट, डावी टाच बाहेरून झिजलेली. तिसरी रांग, कोपरा. या नेहमीच पंधरा मिनिटे उशिरा येत. मास्तरांनी तिकीट मागितले नाही. बाईंनी काढलेही नाही. आता त्यांच्या हातात काठी होती, म्हणून मास्तर नेहमीपेक्षा हळू उतरले आणि तेराव्या पायरीवर ठिपका काठीच्या टोकाशी थोडा जास्त वेळ धरला. बाईंनी कोपऱ्यातली खुर्ची न चाचपता उघडली.

साडेपाचला खेळ सुटला. दिवे लागेपर्यंत मास्तरांनी लोकांना ठिपक्यामागून बाहेर काढले, मग झाकण अर्धा आटा सैल केले. शेवटच्या त्या वृद्ध बाई. मास्तर त्यांना बाहेरच्या दालनापर्यंत घेऊन आले. तिथे मोठ्या काचांतून दुपारचे पिवळे ऊन फरशीवर सांडले होते, मॅनेजर सगळ्यांशी हात मिळवत होते आणि मास्तरांची पत्नी वाळूची बादली घेऊन कुठे ठेवायची ते शोधत होती. बाई तिच्यापाशीच थांबल्या.

"बाल्कनीचे ते डोअरकीपर कुठं गेले हो? त्यांना भेटायचं होतं."

"हे काय, हेच," पत्नी म्हणाली.

बाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. मास्तरांनी नकळत कॉलर सरळ केली आणि पाठ ताठ केली. बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळले. वर पोहोचायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"तुम्ही?"

"मीच, बाई."

"एकवीस वर्षं तुमच्या मागून चालले मी," त्या म्हणाल्या. "अंधारात उंच वाटायचात."